दोन बांध

आमच्या घरात ‘बांध’ या शब्दाचे दोन अर्थ होते आणि कुठला बांध ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळायचं. आजाचा आवाज चढला की तो शेताचा बांध. धाकटा भाऊ दर वर्षी नांगराचं एक तास आपल्या अंगावर घालतो असं आजाचं म्हणणं, आणि धाकट्या आजाचं म्हणणं नेमकं उलटं. त्या वीतभर मातीपायी दोघं सख्खे भाऊ सात वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. आवाज खाली आला, सांगणारा थोडा थांबून बोलायला लागला, की समजायचं, आता खाडीच्या बांधाची गोष्ट आहे.

आजी सांगायची, त्या सात वर्षांतसुद्धा आषाढ-श्रावणातल्या उधाणाच्या रात्री दोघं भाऊ एकच कंदील घेऊन खाडीच्या बांधावर जायचे. जाताना बोलायचे नाहीत, येतानाही नाहीत. पण जायचे बरोबर.

ऐरोली आणि घणसोलीच्या मधलं आमचं गाव. समोर ठाण्याची खाडी, पाठीशी पारसिकचा डोंगर आणि मध्ये जी सपाटी होती ती सगळी खारजमीन. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतली माती पावसाने धुऊन धुऊन भाताजोगी करायची. बांध मातीचा, खाडीच्या अंगाला दगड रचलेले. ठरावीक ठिकाणी उघाड्या. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं आणि भरती चढली की खाडीच्याच रेट्याने ती मिटायची. माणसाने हात लावायची गरज नाही, फक्त तिच्यात ओंडका किंवा गाळ अडकलेला नसावा. तो अडकलाय का ते बघायला मात्र कोणीतरी अंधारात, गुडघाभर चिखलात जावं लागायचं.

बांधाचा खरा वैरी लाटा नव्हेत, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. त्या बांधात बिळं करतात. एका बिळातून पाण्याची बोटभर धार लागते, ती वाढत जाते आणि उधाणाला बांधाला खांड पडते. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते फक्त त्या वर्षीचं भात नेत नाही. मिठाने धरलेली जमीन पुन्हा भाताला यायला दोन-तीन पावसाळे जातात. आजा म्हणायचा, “खारा पानी आत आला का तो कोनाचा शेत हाय ता इचारत नाय.”

म्हणून त्या बांधाचा हिशेब गावकीकडे होता. ज्याची जितकी जमीन, तितके हात बांध त्याच्या नावावर. पावसाआधी त्याने आपल्या वाट्याची बिळं बुजवायची, ढासळलेले दगड लावायचे. ज्या घरात पुरुषमाणूस नव्हता तिथला वाटा गावकी उचलायची, पण फुकट नाही; त्या घरातल्या बाईने काम करणाऱ्यांचं जेवण बघायचं. हयगय केली तर दंड. एका माणसाचा वाटा ढिला राहिला तर दोनशे घरांचं भात जाणार, त्यामुळे दंड मागायला कोणाला संकोच वाटत नसे.

या बांधाच्या आत मात्र सगळं ज्याचं त्याचं होतं. बी ज्याचं त्याचं, बैल ज्याचे त्याचे, खळं ज्याचं त्याचं. मोड आलेलं भात चिखलात कधी फेकायचं ते आजा एकटा ठरवायचा आणि त्याबाबतीत देवाचंही ऐकायचा नाही. राता नावाच्या लाल भाताची चव आमच्या शेतात उतरते तशी शेजारच्या शेतात उतरत नाही, असा त्याचा पक्का समज होता. गावातल्या प्रत्येकाचा आपल्या शेताबद्दल हाच समज होता.

हे सगळं आता आठवायला कारण आतेभावाचा फोन. आत्या मुरबाड तालुक्यात दिलेली. भातानंतर तिच्याकडे भेंडी असते, काकडी असते. दिवाळीनंतर त्या पट्ट्यात फिरलात तर सकाळी सात वाजता बायका भेंडीच्या ओळींतून वाकून चालताना दिसतील. भेंडी एक दिवस जास्त राहिली तर जून होते, म्हणून तोडा चुकवून चालत नाही. आतेभाऊ म्हणाला, “आम्ही सहा जण मिळून टेम्पो घ्यायचं म्हणतोय. ताई, तू तुझ्या सोसायटीचे हिशेब बघतेस ना? आम्हाला नियम लिहून दे.”

मी ऐरोलीतल्या आमच्या इमारतीची नऊ वर्षं खजिनदार आहे, हे खरं. मुरबाडला ‘सोसायटी’ म्हटलं की लोकांना पीककर्जाची विकास सोसायटी आठवते, नवी मुंबईत पार्किंग आणि पाण्याची टाकी. दोन्ही एकाच कायद्याखाली चालतात, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली. पण आतेभावाला मी लगेच हो म्हटलं नाही. त्याच्या गावात याआधी एकदा नियम लिहून झाले होते.

वीसेक वर्षांपूर्वी काळू नदीवर पंधरा शेतकऱ्यांनी उपसा सिंचनाची संस्था काढली. आत्याच्या भागाचे पैसे बाबांनी भरले होते. मोटर बसली, पाइप आले, पहिली तीन वर्षं तिने आम्हाला पिशव्या भरभरून वाल आणि काकड्या पाठवल्या. मग पाइपाच्या सुरुवातीला ज्यांची शेतं होती त्यांची पाळी लांबायला लागली. शेवटच्या शेतात पाणी पोहोचेपर्यंत वीज जायची. शेवटच्या चौघांनी पैसे भरणं थांबवलं. बिल थकलं. हिशेबाची वही ज्याच्याकडे होती त्याने ती कपाटात ठेवली आणि विचारणाऱ्याला ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून उलट विचारायला लागला. एक दिवस जोडणी तोडली गेली. मोटर अजून तिथे आहे, तिच्यावर वेल चढलेत. आत्याने नंतर दागिने मोडून विहीर खणली. तेव्हापासून तिच्याकडे कोणी सहकाराचं नाव काढलं की ती उठून आत जाते.

मला त्या माणसांचा राग येत नाही. पंधरापैकी एकही लबाड नव्हता, असं मला आजही वाटतं. खाडीच्या बांधावर कोणाचा वाटा ढिला आहे ते भरतीला सगळ्यांना एकदम दिसायचं. पाइपातलं पाणी कोणाला दिसत नव्हतं. कोणी किती घेतलं ते मोजायची सोय नव्हती आणि जे मोजलं होतं ते कपाटात होतं.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती मी मुद्दाम वाचून काढली. तिथे पाणी जमिनीवर न देता माणशी दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याची जमीन वीस एकर त्यालाही तेवढंच. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. एवढे साधे नियम, पण प्रत्येकाला शेजाऱ्याकडे नुसतं बघून ते पाळले जातायत की नाही ते कळत होतं. शेजारच्या रानात ऊस उभा राहिला तर तो लपवणार कुठे?

एकत्र शेती म्हटलं की आपल्याकडे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, जमिनी एकत्र करा, ट्रॅक्टर फिरवा, छोट्या तुकड्यांत काय पिकणार? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर. माझ्या आतेभावाकडे तेवढीही नाही. दुसरा म्हणतो, माझ्या जमिनीला हात लावाल तर याद राखा. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला तेव्हा चरणसिंगांनी तिथेच उभं राहून विरोध केला होता, आणि पुढे तो ठराव बहुतेक कागदावरच राहिला. चीनमध्ये तर उलटी वाट झाली. आनह्वेई प्रांतातल्या श्याओगांग गावात १९७८ च्या हिवाळ्यात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उमटवले आणि कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीची, जमीन घरोघर वाटून घेतली. पकडले गेले असते तर तुरुंग होता. माणसं तुकड्यासाठी तेवढी जोखीम घेतात, आणि माझ्या दोन आजांचा सात वर्षांचा अबोला आठवला की मला त्याचं नवल वाटत नाही.

आपल्याकडे जे टिकलं ते बघा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, १९५० मध्ये गाळप सुरू झालं, पण ऊस ज्याचा त्याच्या शेतात राहिला. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९४६ पासून दूध एका संघात जमा होतं, म्हैस मात्र ज्याच्या त्याच्या गोठ्यात बांधलेली. शेतकऱ्याने स्वतः करायचं ते स्वतः केलं. एकट्याच्या आवाक्यात नव्हतं तेवढ्यापुरतं तो शेजाऱ्याकडे गेला. माझी आजी हे दोन बांध म्हणून सांगायची, आणि मी शिकून-सवरून अजून त्यापलीकडे गेलेले नाही.

सावड हीसुद्धा तीच गोष्ट. आत्याकडे लावणीला आज तिच्या शेतात आठ जणी, उद्या त्या आठ जणी शेजारणीच्या शेतात. पैसे नाहीत, जेवण मात्र शेतमालकिणीचं. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा ओळीत उभी राहून मुठी वाटायचं काम माझ्याकडे असायचं. मूठ म्हणजे रोपांची जुडी. चिखलात पाऊल मागे मागे टाकत, गाणी म्हणत बायका सरकायच्या आणि त्यांच्यासमोर हिरवं पसरत जायचं. संध्याकाळी कंबर धरायची, तरी कोणी ओळ सोडून बांधावर बसायची नाही, कारण उद्या तिच्या शेतात हीच ओळ यायची होती. रोपं जून व्हायच्या आत आणि पाऊस हाताशी असेपर्यंत लावणी उरकली पाहिजे. एकटीला ते जमूच शकत नाही. आता सावड निम्मी राहिलीय. सुना कंपनीत जातात, मुलं बदलापूर-अंबरनाथला कामाला. ज्या घरातून हात येत नाहीत त्या घराला परतफेड कशी करायची? मग मजुरी. आतेभाऊ रोजाचे पाचशे आणि वर जेवण देतो आणि म्हणतो की परवडत नाही.

आमच्या गावात मात्र दोन्ही बांध एकदमच गेले. मार्च १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याआधी औद्योगिक वसाहत आलीच होती. मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या घरात शेवटचं भात आलं. त्यानंतर उन्हाळ्यात खाडीच्या बांधाची बिळं बुजवायला कोणी गेलं नाही. कशाला जाणार? आत वाचवायला काही उरलं नव्हतं. एका उधाणाला खांड पडली आणि ती कोणी बुजवली नाही, एवढंच बाबा सांगतात. त्याच्या पुढे ते बोलत नाहीत.

गाव तेव्हाही एक झालं, आणि फार मोठ्या प्रमाणावर झालं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली, गोळीबारात पाच जणांनी जीव दिला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या माणसांच्या जिवावर आला. आमच्या घरातून आई आणि काकी गेल्या होत्या, भाकऱ्या बांधून. पण भूखंड आला तो सातबाऱ्यावरच्या नावांनी, आणि त्यावर काका, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांच्या सह्या लागल्या. लढताना एकत्र असलेलं घर वाटणीला बसलं आणि फुटलं. खाडीच्या बांधाची सवय असलेल्या लोकांना कोणी तेव्हा म्हटलं असतं की या जमिनीचा एक तुकडा गावकीच्या नावे ठेवा, त्याचं भाडं सगळ्यांना येऊ द्या, तर? मला हा विचार रात्री झोपू देत नाही. कदाचित कोणी म्हटलंही असेल आणि ते ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसेल.

आतेभावाचा माल नेणाऱ्या टेम्पोबरोबर मी एका रात्री मुद्दाम वाशीच्या बाजारात गेले. रात्री अकराला मुरबाड सोडलं, पहाटे भाजीपाला मार्केटच्या दारात. गाळ्यासमोर त्याचे कॅरेट उतरले, माथाडीने पाठीवर घेतले, भाव झाला, आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात येईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा. भाव ठरताना त्याने तोंड उघडलं नाही. नऊ कॅरेट घेऊन उभा असलेला माणूस काय बोलणार? जुलै २०१६ पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, बाजार समितीबाहेर कुठेही विकता येतो. पण कुठेही विकायला हातात माल तेवढा लागतो, आणि एक दिवस मागे ठेवायला थंड खोली लागते.

त्याच रात्री माझं लक्ष माथाड्यांकडे गेलं. घाटमाथ्यावरून, सातारा-पुण्याकडून येऊन मशीद बंदरात ओझी वाहणारी ही माणसं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं, १९६९ मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला, मंडळ झालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला, घणसोली-कोपरखैरण्यात त्यांची घरं उभी राहिली. ज्याच्याकडे पाठीशिवाय काही नव्हतं तो त्या बाजारात संघटित होता आणि ज्याच्याकडे जमीन होती तो एकटा भिंतीला टेकून उभा होता.

मग मी नियम लिहायला गेले.

आत्याच्या ओटीवर सहा जण बसले. टेम्पोचा हप्ता कॅरेटच्या संख्येवर, जमिनीवर नाही. चालवणाऱ्याला रात्रीचे पैसे, तो सहापैकी एक असला तरी. ज्याचा माल नाही त्याने त्या दिवशी काही द्यायचं नाही, पण महिन्याचा किमान हिस्सा द्यायचा. बी, खत, फवारणी, कधी तोडायचं यात कोणी कोणाला बोलायचं नाही. यावर सगळे फार जोरात हो म्हणाले.

वही कोणाकडे ठेवायची यावर तासभर गेला. शेवटी आतून आत्याचा आवाज आला, “मारुतीच्या देवळात खिळ्याला टांगा. ज्याला वाचायची त्याने वाचावी.” वीस वर्षांत सहकाराबद्दल तिने काढलेला तो पहिला शब्द.

मी आणखी एक गोष्ट मांडली. भेंडी तोडायला ज्या कातकरी बायका येतात त्यांना कॅरेटमागे काही हिस्सा ठेवायचा का? वर्षाच्या शेवटी टेम्पो नफ्यात राहिला तर? कोणी बोललं नाही. एकाने चहाचा कप फिरवला. मी प्रवरेचं कौतुक करताना हेही मनात होतं की कारखान्याचे सभासद ऊस लावणारे आहेत, बीडहून येऊन तो तोडणारे नाहीत. ज्यांचा शेताचा बांधच नाही त्यांना खाडीच्या बांधावर जागा मिळत नाही. म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला मधुकर देवल यांनी दलित कुटुंबांची शेती सरळ एकत्र केली, त्याविरुद्ध माझ्याकडे एकही शब्द नाही. एकट्याने राखावं असं काही ज्यांच्या हातात कोणी राहूच दिलं नव्हतं, त्यांना माझा दोन बांधांचा हिशेब कसा लागू होईल? आतेभाऊ हळूच म्हणाला, “ताई, त्यांचं पुढच्या हंगामात बघू.” मी वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने पान फाडलं नाही.

परतताना बाबांना घेऊन ऐरोलीच्या खाडीकिनारी गेले. २०१५ पासून तो फ्लेमिंगोंचा अभयारण्य परिसर आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. शनिवार होता, बोटीसाठी रांग लागली होती, मुलांच्या हातात दुर्बिणी. बाबा पक्ष्यांकडे बघत नव्हते. खारफुटीच्या दाट रेषेकडे बोट करून ते म्हणाले, “त्या झाडांच्या मुळाशी दगड असतील आपले. तुझ्या आजाच्या वाट्याला बेचाळीस हात होता बांध.” मी वही, खिळा, टेम्पो सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, बिळं कोण बघणार? मला वाटलं ते भ्रमात बोलतायत. मग कळलं की ते टेम्पोबद्दलच विचारत होते.

काल रात्री आतेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचा फोटो पाठवला. पावणेदोन पानं भरलीत. पहिल्या पानावर एका ओळीत चौदा कॅरेट लिहून ते खोडून बारा केलेत, आणि शेजारी दोन वेगवेगळ्या हातांच्या सह्या आहेत.